हजार यार्डांवरचे सबनीसकाका

सबनीसकाका व्यवसायानं भूलतज्ज्ञ होते आणि स्वभावानं वक्ते. दोन्ही ठिकाणी समोरचा माणूस फार वेळ जागा राहत नसे. फरक एवढाच, की हॉस्पिटलात पेशंट शुद्धीवर येईपर्यंत ते शेजारी बसायचे. घरी मात्र ज्याची जबाबदारी त्याच्यावर.

लंडनजवळ हाउन्सलोच्या त्यांच्या घरी मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला आले, तेव्हा मला विमानतळावर एका एअरलाइनच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी नुकतीच लागली होती. माझं सगळं शिक्षण मुंबईत नन्सच्या शाळेत झालेलं. मराठी मी घरी बोलायचे, पण चारचौघांत चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसावं असं माझं धोरण होतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "शीला विचारी मुलगी आहे." विचारी म्हणजे मधे न बोलणारी. असा माणूस त्या घराला हवाच होता, कारण काकू मधे बोलायच्या.

घर विमानांच्या वाटेखाली होतं. विमान आलं की कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या आणि काका बोलता बोलता थांबायचे. तोंड तसंच उघडं, बोट तसंच वर. विमान गेलं की अर्धवट शब्दाच्या उरलेल्या अक्षरापासून भाषण पुढे सुरू. आमच्या रस्त्यावरचे लोक आवाजाबद्दल कौन्सिलला तक्रारी पाठवायचे. आमच्या घरातून तशी तक्रार कधी गेली नाही. काकूंच्या मते विमानं वाढवायला हवी होती.

त्या वर्षांत काकांच्या बोलण्याचा विषय एकच होता: लांब पल्ल्याच्या नेमबाजीची, आणि तरीही बजेटमध्ये बसणारी रायफल कोणती घ्यावी. इकडे आलेली आपली डॉक्टर मंडळी साधारणपणे आधी गाडी, मग घर, मग मुलांसाठी ग्रामर स्कूल अशा क्रमानं स्वप्नं बघत. काकांना मूल नव्हतं, घर झालं होतं आणि गाडी होती असं म्हणायची पद्धत होती. त्यामुळे ते रायफलवर आले. एका सर्जननं त्यांना कधीतरी आपल्या क्लबात नेलं, क्लबाची रायफल हातात दिली, आणि काकांनी पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी नेम मारले. त्याच संध्याकाळी त्यांना आठवलं, की आपले पूर्वज कुठल्याशा किल्ल्यावर सबनीस होते.

"रक्तातच आहे ते," काका म्हणाले.

"सबनीस म्हणजे शिपायांची हजेरी लिहिणारा गं," काकूंनी मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. "तलवार कसली? बोरू होता हातात. ह्यांच्या रक्तात शाई आहे."

क्लबाचा आठ जणांचा एक संघ होता, हजार यार्डांवर मारणारा. दर ऑक्टोबरला चाचणी व्हायची, त्यातून पहिले आठ निवडले जायचे. काकांना त्या आठांत यायचं होतं. का, हे त्यांनी एवढ्या भाषणांत कधी सांगितलं नाही. ते मला काकूंकडून कळलं. हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या, म्हणजे सर्वांत वरच्या डॉक्टरच्या, जागेसाठी काका तीनदा मुलाखतीला जाऊन आले होते. तिन्ही वेळा जागा दुसऱ्याला मिळाली, आणि त्यांतल्या एकाला तर नळी घशात कशी घालायची हे काकांनीच शिकवलं होतं. नंतर एकदा नेमबाजीच्या रेंजवरून परत येताना काका आपणहून म्हणाले, "हजार यार्डांवरून चेहरा दिसत नाही, शीला. भोक पडतं. ते कुणी पाडलं, हे टार्गेट विचारत नाही." आणि मग चक्क गप्प बसले. मी घाबरले.

संघात यायचं तर स्वतःची रायफल हवी, क्लबाची चालत नसे. बजेट काकूंनी ठरवलं होतं: एक बरा सेकंडहँड फ्रिज येईल इतकं. घरात फ्रिज नव्हता, त्यामुळे ही तुलना रोज व्हायची.

काकांनी निवडीचं शास्त्र बनवलं. त्याचा पहिला नियम, पैसे नळीला द्यायचे, लाकडाला नाही. लोक चकचकीत अक्रोडाच्या दस्त्यावर भाळतात, पण गोळी नळीतून जाते, दस्त्यातून नाही. दुसरा नियम, रायफल घेणं म्हणजे लग्न आणि काडतुसं म्हणजे संसार. लग्नात उधळलं की संसार उपाशी मरतो.

"पण तुमचं अजून मुलगी बघणंच चाललंय," काकू म्हणायच्या. "तिसरं वर्ष. पोहे खाऊन खाऊन पोट बिघडेल."

बाजारात तेव्हा तीन प्रकार होते. सैन्यानं काढून टाकलेली पॉइंट थ्री-नॉट-थ्री, स्वस्त आणि दणकट. पण सैन्यानं काडतूस बदललं होतं, स्पर्धाही नव्या काडतुसाकडे चालल्या होत्या, म्हणजे स्वस्त बायको आणि बंद पडलेलं रेशन दुकान. दुसरी, नवीकोरी नेमबाजीची रायफल, जिच्या किमतीत दोन फ्रिज आणि वर एक कुकर आला असता. तिसरी, जुन्या लष्करी रायफलीवर नवी जड नळी बसवलेली. काकांचा कल तिसरीकडे होता. कल होता, पाऊल नव्हतं. बंदुकीच्या दुकानांतून ते सगळ्या रायफली तपासायचे, घरी येऊन त्यांची तुलना करायचे आणि तुलना संपेपर्यंत रायफल विकली गेलेली असायची. "बघ," ते विजयानं म्हणायचे, "चांगलीच होती म्हणजे!"

अशाच एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते. काकांनी कोटाच्या खिशातून लॅरिंगोस्कोप काढला. भूल देताना घशात बघायचं ते दिव्याचं हत्यार, ते त्यांनी हॉस्पिटलातून आणलेलं. त्यांनी रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीमागचा पिन आणि स्प्रिंग असलेला सरकता दांडा, काढला, मागच्या बाजूनं दिवा लावला आणि पुढून एका डोळ्यानं नळीत बघू लागले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घशात बघितलं होतं. तीच मान, तोच वाकडा ओठ.

"ह्या बाईंनी फार सिगरेटी ओढलेल्या दिसतात," ते दुकानदाराला इंग्रजीत म्हणाले.

"सर, ही रायफल एका कर्नलची होती."

"मग कर्नलचाही घसा एकदा तपासायला हवा."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी काचेच्या कपाटातल्या पक्ष्यांकडे बघितलं. ते पेंढा भरलेले होते, म्हणून त्या दुकानात सर्वांत सुखी होते.

काकांचे नियम रायफलीपुरते राहिले नाहीत. एकदा काकूंनी माझ्यासाठी रीडिंग गावाहून एक अकाउंटंट मुलगा चहाला बोलावला. सूट तिथल्या तिथे शिवून अंगावर ओतल्यासारखा, केसांना ब्रिलक्रीम, बोलताना दर वाक्यात "ॲक्च्युअली". काका तासभर त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होते. तो गेल्यावर काकूंनी विचारलं, "कसा वाटला हो?"

"लाकूड उत्तम आहे," काका म्हणाले.

काकू चिडल्या. मला मात्र त्या दिवशी प्रथम वाटलं, की काकांच्या शास्त्रात काही तथ्य असावं.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी काकांनी एक कॅटलॉग माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, "बारीक अक्षरातलं वाच जरा." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी नुसतीच त्यांच्याकडे बघत राहिले. काकू वर होत्या.

"उजवा डोळा," काका म्हणाले. "मोतीबिंदू. आमच्या डोळ्यांच्या माणसाला दाखवला. दिव्यांभोवती कापूस दिसतो. हळूहळू वाढेल. एक-दोन वर्षं निशाणा दिसेल, मग ऑपरेशन आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्या चष्म्यातून हजार यार्ड म्हणजे..." त्यांनी हात हलवला. "काकूला सांगू नकोस. ती आधी रायफल रद्द करेल आणि मग डोळ्याचं बघेल."

कुणालाही वाटेल, की आता तरी माणूस दुकानात जाऊन जी दिसेल ती रायफल उचलेल. काकांनी त्यानंतर आणखी सहा महिने तुलना केली. घाईत घेतलेली वस्तू टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. डोळा टिकत नव्हता, पण त्याला ते घाई म्हणत नव्हते.

लायसन्ससाठी पोलिस सार्जंट घर बघायला आला. रायफल कुठे ठेवणार, कुलूप कसलं, किल्ली कुणाकडे, आणि मुख्य म्हणजे रायफल हवी कशाला. काकांनी किल्ल्यापासून सुरुवात केली. सार्जंट टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता. वरून दोन विमानं गेली, दोन्ही वेळा त्याला वाटलं की संपलं, आणि दोन्ही वेळा तो अर्धा उठून पुन्हा बसला. शेवटी काकूंनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "ऑफिसर, प्लीज गिव्ह हिम द गन. देन देअर विल बी पीस इन धिस हाउस."

सार्जंटनं जिन्याखालचं कपाट बघितलं. तांदळाचं पोतं बाजूला करून रायफलीसाठी जागा केलेली होती. त्यानं कुलूप हलवून बघितलं, पापडांचा डबा म्हणजे काय ते विचारलं आणि निघून गेला. किल्ली कायद्यानं फक्त काकांकडे राहायची होती. म्हणजे ती काकूंच्या पदराला लागली.

रायफल शेवटी दुकानात मिळालीच नाही. क्लबातले एक म्हातारे सदस्य नेमबाजी सोडत होते, त्यांची होती. पहिल्या महायुद्धातल्या रायफलीवर नवी जड नळी, आणि दस्ता असा, की कुणीतरी जिन्याचा कठडा मोडून बनवला असावा. मधे तडा गेलेला, पितळी स्क्रूंनी सांधलेला. बाकीच्यांनी नाक मुरडलं होतं. काकांनी लॅरिंगोस्कोप लावला, नळीत बघितलं आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

"शीला," ते मराठीत हळूच म्हणाले, "लहान मुलाचा घसा आहे गं."

मग त्यांनी घासाघीस केली. तीनदा पाठ फिरवून गाडीपर्यंत गेले, तीनदा परत आले. इंग्रज म्हाताऱ्याला ही पद्धत माहीत नव्हती. तिसऱ्या खेपेला त्याला वाटलं, ह्या गृहस्थांची तब्येत बरी नसावी, आणि काळजीपोटी त्यानं किंमत कमी केली.

त्या उन्हाळ्यात काकांनी जी नेमबाजी केली ती मी बघितली आहे, म्हणून सांगते. दर रविवारी मी त्यांच्या मागे घोंगडी टाकून बसायचे आणि कुठली गोळी कुठे लागली ते मांडायचे. ते पोटावर आडवे व्हायचे, पट्टा दंडाला आवळायचे आणि त्यांचं बोलणं बंद व्हायचं. वारा, झेंडे, श्वास. दूरवर टार्गेट खाली जायचं आणि वर यायचं, तेव्हा त्यावरची खुणेची चकती काळ्या वर्तुळात असायची. हा माणूस असा शांत राहू शकतो हे काकूंनी बघायला हवं होतं. त्या कधी आल्या नाहीत. त्यांना आवाज सोसत नसे. आणि आपल्याशिवाय ह्यांचं काहीतरी चांगलं चाललंय, हेही. त्या थर्मासमध्ये चहा भरून द्यायच्या आणि दारात उभ्या राहायच्या.

चाचणी दसऱ्याच्या लगेच नंतर आली. खंडेनवमीला काका हॉस्पिटलात होते, मी ऑफिसात. संध्याकाळी आलो तर जिन्याखालच्या कपाटापुढे रांगोळी, पाट, आणि पाटावर रायफल. दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं, नळीला शेवंतीचा हार. झेंडू हाउन्सलोत मिळाला नव्हता.

"शस्त्र आहे ना? मग त्याची पूजा नको?" काकू म्हणाल्या. "फ्रिज असता तर फ्रिजची केली असती."

काका नेहमी प्रत्येकाची चूक दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी वाकून नमस्कार केला. काकूंनी घासूनपुसून तेलपाणी केल्याचंही सांगितलं, पण वरून एक विमान चाललं होतं.

चाचणीची सकाळ थंड होती. गवतावर दव गोठलेलं. काका आडवे झाले, पहिलं काडतूस घातलं, श्वास सोडला आणि चाप ओढला. "टक्" असा आवाज आला, कुणीतरी संकोचानं दारावर टिचकी मारावी तसा. गोळी सुटली नाही. त्यांनी थांबून काडतूस काढलं, दुसरं घातलं. टक्. तिसरं. टक्. शेजारचे सगळे धडाधडा मारत होते आणि घड्याळ चाललं होतं.

काकांनी बोल्ट बाहेर काढला, काडतुसाच्या बुडाकडे बघितलं. पिनेची खूण जेमतेम उमटली होती. मग त्यांनी बोल्ट नाकाशी नेला. मागे बसलेल्या मलाही तो वास आला. माझ्या शाळेतल्या वेण्यांचा वास.

"खोबरेल," काका म्हणाले. आवाज अगदी निदान सांगताना असतो तसा. "कोमट करून आत ओतलंय. स्प्रिंगपर्यंत. आता आत लोणी झालंय." क्षणभर डोळे मिटून ते म्हणाले, "चहा आहे?"

"आहे. घालू?"

"मला नको. हिला."

मी थर्मास दिला. त्यांनी बोल्ट गवतावर धरला आणि त्याच्यावर, त्याच्या भोकांत, वाफाळता चहा ओतला. शेजारच्या मॅटवरच्या गृहस्थांनी मान वळवली.

"डॉक्टर, त्यात दूध आहे?"

"साखरसुद्धा," काका म्हणाले.

बोल्ट झटकून त्यांनी पुन्हा बसवला. पुढचं काडतूस सुटलं. त्याच्या पुढचंही. टार्गेट खाली गेलं, वर आलं; चकती काळ्यात. पुन्हा काळ्यात. त्यांच्या कोपरांखाली चहाचं तळं झालं होतं, आल्याचा वास येत होता आणि काका त्या वर्षी कधी मारले नव्हते तसे नेम मारत होते. शिटी वाजली तेव्हा त्यांच्यापुढच्या डब्यात बरीच काडतुसं शिल्लक होती.

क्लबाचे कॅप्टन मिस्टर विल्कॉक्स चालत आले. सभ्य माणूस. खाली वाकून म्हणाले, "हार्ड लक, डॉक्टर. काडतुसं खराब होती का? क्लबाचीच आहेत. तसं असेल तर नियमानं तुम्हाला पुन्हा मारता येईल. तुम्ही फक्त तसं म्हणा."

त्यांनी ते शेवटचं वाक्य जरा सावकाश म्हटलं. मी माझी पेन्सिल घट्ट धरली. एकदाच हो म्हणायचं होतं.

"नाही," काका म्हणाले. "काडतुसं उत्तम होती. माझ्या रायफलीत तेल गोठलं."

"चुकीचं तेल?"

"चांगलं तेल होतं," काका म्हणाले आणि उठून कोपर पुसू लागले.

ते नववे आले. सुटलेल्या दर गोळीमागे त्यांच्याइतके गुण कुणालाच नव्हते, पण न सुटलेल्या गोळ्यांना गुण नसतात. पुढची चाचणी वर्षानं. गाडीपाशी आल्यावर त्यांनी डावा डोळा हातानं झाकला आणि दहा पावलांवरून आपल्याच गाडीचा नंबर वाचायचा प्रयत्न केला. मग हात खाली घेतला आणि दार उघडलं. वाटेत मी एकदा म्हटलं, "काकूंना सांगायला हवं, म्हणजे पुढच्या वेळी..." ते म्हणाले, "पुढच्या वेळी काय?" मी पुन्हा विचारी झाले.

काकू दारातच होत्या. "काय झालं?"

"नववा आलो."

"अगंबाई. एकानंच?" त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हळूच विचारलं, "बंदूक नीट चालली ना हो? मी सगळीकडे तेल दिलं होतं. आतसुद्धा."

बारीकशा चुकीसाठी शिकाऊ हाउस सर्जनला तासभर झापणारे काका. सांबारात हिंग कमी असेल तर त्याचं कारण आणि परिणाम दोन्ही सांगणारे काका. मी जिन्याच्या पायरीवर उभी होते आणि वरून विमान वगैरे काही जात नव्हतं.

"सुरेख चालली," ते म्हणाले. "माझाच हात जरा हलला."

"मी म्हणत नव्हते? देवाचं केलं की यंत्रसुद्धा चालतं!" काकू खुलल्या. ही गोष्ट त्यांनी पुढे हाउन्सलोतल्या प्रत्येक मराठी घरात सांगितली, आणि काका प्रत्येक घरात मान डोलवत बसले.

त्या रात्री जेवणानंतर मी पाणी प्यायला गेले, तर काका स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. बोल्ट सुटा करून ठेवलेला. हॉस्पिटलातल्या कापसाच्या बोळ्यानं ते स्प्रिंगच्या वेढ्यांतलं पांढरं, चिकट, चहाळलेलं तेल टिपत होते. डावा डोळा वापरत होते, मान तिरकी करून. काकू मागून आल्या. हातात खोबरेलाची वाटी, नुकतीच गॅसवर धरलेली.

"पुसून कशाला टाकताय सगळं?" त्या म्हणाल्या. "गंज चढेल. पुन्हा लावू का थोडं?"

काकांनी हातातल्या स्प्रिंगकडे बघितलं. मग कापूस खाली ठेवला, बोल्ट जोडला आणि काकूंपुढे धरला.

"लाव," ते म्हणाले.